जाऊबाईंना रोज तीन एमएल

वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळाचं जेवण असलं आणि उल्हास पाटणकर जिलेबीचं ताट घेऊन निघाले, की शाळेच्या त्या कॅफेटेरियातली निम्मी मंडळी आपल्या कागदी ताटलीवर आडवा हात धरून बसत. उपयोग शून्य. आडव्या हाताच्या फटीतून जिलेबी पानात कशी उतरवायची, हे तंत्र उल्हासरावांनी पस्तीस वर्षांत चांगलंच घोटलं होतं. डायबेटिसवाल्यांना ते आधी "अर्धीच" म्हणून एक वाढत आणि मग "एकटी कशी वाढू" म्हणून दुसरी. बालपण मिरजेत गेलं, उभी नोकरी न्यू जर्सीतल्या पुलांची डिझाइनं करण्यात गेली, निवृत्त होऊनही आठ वर्षं झाली, पण वाढताना हात आखडायचा नाही ही खोड काही गेली नाही.

अशा माणसाच्या हातात त्यांच्या मुलीनं, प्रीतानं, एक बिनसुईची सिरिंज दिली आणि सांगितलं की रोज तीन एमएल, एक थेंब जास्त नाही. आता याला धाडस म्हणायचं की वेडेपणा, ते तुम्हीच ठरवा.

प्रीता फिलाडेल्फियाच्या एका हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट होती. वय चौतीस, लग्न नाही, आणि त्याबद्दल बोललेलंही चालत नाही. सात वर्षांपासून तिनं अपार्टमेंटमध्ये एक भलामोठा फिशटँक पाळला होता. पाळला म्हणायचं, कारण त्याचं खाणंपिणं आणि दुखणंखुपणं एखाद्या म्हशीइतकं होतं. साडेतीनशे लिटर खारं पाणी, दोन नारिंगी मासे आणि पंचवीस-तीस कोरल, म्हणजे आपली प्रवाळं. गेल्या सप्टेंबरात तिनं जागा बदलली, नव्या बिल्डिंगवाल्यांनी एवढा टँक नको म्हटलं, आणि तो चार माणसांच्या खांद्यावरून आईबापांच्या फॅमिली रूममध्ये येऊन बसला. वसुधाबाईंनी, म्हणजे प्रीताच्या आईनं, एकदा निरखून पाहिलं आणि विचारलं की हे दगड कशाला आणलेत. उल्हासरावांनी मोठ्या रुबाबात सांगितलं की हे दगड नव्हेत, जिवंत प्राणी आहेत. त्यांना स्वतःला ते आदल्या दिवशी कळलं होतं.

टँक आला आणि त्याच्यामागोमाग रविवार आले. तोवर प्रीता दिवाळीला यायची, फार तर मदर्स डेला, आणि तेही एक डोळा फोनवर ठेवून. आता दर रविवारी साडेदहाच्या ठोक्याला तिची गाडी ड्राइव्हवेत वळायची. ती पाणी तपासायची, काच पुसायची, बाटल्यांतून मोजून काहीबाही घालायची, मग जेवायची आणि सोफ्यावर तोंड उघडं टाकून तासभर झोपायची. उल्हासराव समोरच्या खुर्चीत पेपर घेऊन बसत आणि पेपर वाचत नसत. सप्टेंबरपासून हा माणूस रविवारी जगत होता आणि उरलेले सहा दिवस वाट बघत होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. बायकोला ते न सांगताच ठाऊक होतं.

पण या सुखात एक खडा होता. चेरी हिलला देवांग नावाचा प्रीताचा मित्र होता, त्याचं अख्खं बेसमेंट कोरलांनी भरलेलं. तो टँक न्यायला एका पायावर तयार होता. प्रीताला कामासाठी पाच आठवडे सिअ‍ॅटलला जायचं होतं. "परत आल्यावर बघू," ती म्हणाली होती. "तुम्हाला उगाच त्रास नको. कोरल इथे नीट राहिले तर ठीक, नाही तर देवांग घेऊन जाईल." टँक गेला की रविवार गेले, एवढा हिशेब पुलांच्या इंजिनिअरला कागदाविना जमत होता.

आणि कोरलांचं तर काही खरं दिसत नव्हतं. बाकीचे बरे होते, पण मधोमध बसलेलं, मुठीएवढं, फांद्याफांद्यांचं एक कोरल प्रीताचं फार लाडकं. अंगठ्याच्या नखाएवढं होतं तेव्हापासून तिनं ते वाढवलेलं. एके काळी ते म्हणे गुलाबी होतं. घर बदलल्याच्या रागानं ते जे तपकिरी पडलं, ते कपात तळाला राहिलेल्या चहासारखं दिसायला लागलं. दिवा जरा जास्त झाला की ते अंग चोरायचं, मासा घासून गेला की अंग चोरायचं, पाणी अर्ध्या डिग्रीनं गार झालं तरी अंग चोरायचं. वसुधाबाईंनी त्याचं नाव जाऊबाई ठेवलं, आणि ज्यांनी त्यांच्या खऱ्या जाऊबाई पाहिल्या होत्या त्यांना ते लगेच पटलं.

जाण्यापूर्वी प्रीतानं वडिलांची शिकवणी घेतली. जाऊबाईंचा रंग परत आणायचा तर पाण्यात आयोडीन हवं. ते एका लाल झाकणाच्या बाटलीत होतं आणि झाकण उघडताच उल्हासरावांना शाळेतल्या फुटक्या गुडघ्यांची आठवण आली, अगदी तोच टिंक्चरचा वास. तपकिरी औषध घालून तपकिरी कोरल गुलाबी कसं होणार, हे त्यांनी विचारून पाहिलं. प्रीतानं शांतपणे सांगितलं की औषध म्हणजे रंग नव्हे, कोरल पाण्यातून जेवढं आयोडीन खर्च करतात तेवढंच आपण भरून द्यायचं. जास्त दिलं म्हणून रंग जास्त येत नाही, उलट कोरल भाजून पांढरं पडतं. दर शनिवारी टेस्ट किटनं पाणी मोजायचं, आकडा शून्य पूर्णांक शून्य सहाच्या आसपास हवा. औषध पंपापाशी, जिथे पाणी जोरात वाहतं तिथे सोडायचं, कोरलाच्या डोक्यावर नाही. आणि सगळं वहीत लिहायचं. चुकलं तर खाडाखोड करायची नाही. चुकलेल्यावर एक सरळ रेघ, शेजारी खरा आकडा आणि सही.

हॉस्पिटलमध्येही असंच करता का, असं उल्हासरावांनी विचारलं. अगदी असंच, ती म्हणाली. मग तिनं हिरव्या, निळ्या आणि पिवळ्या झाकणांच्या बाकीच्या बाटल्या उचलल्या आणि सरळ आपल्या गाडीत ठेवून घेऊन गेली. उल्हासरावांना ते जरा लागलंच.

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी आठ वाजता त्यांनी पहिल्यांदा सिरिंज भरली. एक, दोन, तीन. पंपापाशी हळूच सोडली, एक तपकिरी धागा पाण्यात फिरला आणि विरला. काम झालं होतं. पण उल्हासराव टँकपुढून हलेनात.

तीन. ज्या घरात ते वाढले तिथे पानात तीन पोळ्या कधी पडल्या नाहीत. दोन वाढा, चार वाढा, तीन वाढायच्या नाहीत. पाहुण्याला खरंच तीनच हव्या असल्या तर चौथीचा तुकडा मोडून बरोबर ठेवायचा. असं का, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. उल्हासराव स्वतःला विज्ञाननिष्ठ समजत. अमावास्येला गाडी घेतलेला माणूस. तरी समोर हे बिचारे जीव, परक्या घरी उतरलेले, आणि आपण त्यांना मोजून तीन वाढून पाठ फिरवायची, हे काही त्यांच्या हाताला रुचेना. मग त्यांच्यातला इंजिनिअर मदतीला धावला. पूल दहा टनांचा हवा असला तर आपण पंधरा टनांचा बांधतो की नाही? थोडं वरचं धरलेलं बरं. पुलाला जे तारतं ते कोरलाला मारू शकतं, हे आदल्याच दिवशी पोरीनं घसा कोरडा करून सांगितलं होतं, पण ते त्या घटकेला कुठे गेलं कोण जाणे.

त्यांनी चौथा एमएल सोडला. वहीत मात्र स्वच्छ अक्षरात लिहिलं, ३. उगाच पोरीला तिकडे काळजी नको.

दुसऱ्या दिवशीही चार दिले आणि तीन लिहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं.

दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी वसुधाबाईंनी त्यांना किचनमधून हाक मारून बोलावलं, म्हणजे हाक मारून हाताला धरून ओढतच नेलं. जाऊबाईंच्या एका फांदीचं टोक गुलाबी झालं होतं. मोहरीएवढं, पण गुलाबी. उल्हासरावांनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं, गुडघे टेकून पाहिलं. शनिवारपर्यंत चार टोकं झाली. पुढच्या मंगळवारपर्यंत अख्खं कोरल असं उजळलं की फॅमिली रूममध्ये शिरणाऱ्याची नजर दुसरीकडे जाईना.

मग हा नेमका कुठला गुलाबी, यावरून नवराबायकोंची जुंपली. वसुधाबाईंच्या मते हा राणी कलर. उल्हासरावांच्या मते डाळिंबाच्या दाण्याचा. वसुधाबाई वर गेल्या आणि कपाटातून एकेक साडी आणून टँकसमोर पसरायला लागल्या. लग्नातला शालू झाला, भाच्याच्या मुंजीतली पैठणी झाली, एक नारायणपेठ झाली. टँकच्या निळ्या उजेडात प्रत्येक साडी वेगळीच दिसायची, म्हणून मग दिवा बंद, पडदे उघड, परत दिवा चालू. एकवीस साड्या जमिनीवर, त्यांच्यामध्ये सत्तरीतली दोन माणसं चवड्यांवर बसलेली, आणि काचेपलीकडून दोन नारिंगी मासे हा तमाशा बघताहेत. शेवटी एका न शिवलेल्या ब्लाउजपीसचा रंग तंतोतंत जुळला. त्या रंगाचं नाव दोघांनाही येत नव्हतं, त्यामुळे भांडण बरोबरीत सुटलं.

उल्हासराव रोज फोटो पाठवत होते. प्रीता एरवी त्यांच्या फोटोंवर नुसता अंगठा टाकायची. तिसऱ्या शुक्रवारी दुपारी मात्र तिचा फोन आला.

"बाबा, धिस इज इन्सेन," ती म्हणाली. "हा कलर मला सात वर्षांत नाही आणता आला. टँक तुमच्याकडेच राहील. मी देवांगला आजच सांगते."

उल्हासरावांना फोन ठेवल्याचं आठवत नव्हतं. त्यांना एवढं आठवत होतं की त्यांनी वसुधाबाईंना कमरेला धरून एक गिरकी घेतली आणि कॉफी टेबलावर घोटा आपटला. दुखलं नाही. मग ते गाडी काढून एडिसनला गेले आणि पेढे आणले. गवत अजून धड वाढलंही नव्हतं, तरी त्यांनी लॉनवरून मोवर फिरवला. शेजारचे संजीव काका सहज कुंपणापाशी आले तर त्यांच्या हातावर पेढे ठेवले आणि रविवार राहिले, रविवार राहिले, असं सांगितलं. संजीव काकांना काही कळलं नाही, पण पेढा चांगला होता, म्हणून त्यांनी अभिनंदन केलं.

फोनवर प्रीता आणखी एक सांगून गेली होती. ती एक डोसिंग पंप ऑर्डर करत होती. हा पंप थेंब मोजून रोज आपोआप औषध सोडतो. त्याच्यात आकडे ती बाबांच्या वहीवरून भरणार होती. तेव्हा वहीच्या पानांचे फोटो पाठव, सावकाश पाठव, घाई नाही.

लॉन झाल्यावर उल्हासराव फोटो काढायला बसले आणि वही उघडली. ३, ३, ३, ३. एकोणीस ओळी, एकोणीस तीन. स्वतःच्याच अक्षरातला धादांत खोटेपणा. नोकरीत असताना एका कनिष्ठ इंजिनिअरनं तपासणीच्या तक्त्यात न मोजलेला आकडा लिहिला होता, तेव्हा याच उल्हास पाटणकरांनी त्याला बोर्डरूममध्ये उभं करून सुनावलं होतं की खोट्या आकड्यानं पूल आज पडत नाही, तो कधी तरी पडतो.

निदान किती जास्त गेलं ते बघावं, म्हणून त्यांनी बाटली उजेडात धरली. बाटलीवर एमएलच्या रेघा होत्या. रोज चार म्हणजे एकोणीस दिवसांत शहात्तर जायला हवं. गेलं होतं पंचाण्णव. त्यांनी पुन्हा मोजलं. पंचाण्णवच. बरोबर एकोणीस जास्त. बाटली गळत नव्हती, झाकण घट्ट होतं, मासे काही बाटलीतून पीत नव्हते. आपण झोपेत तर घालत नाही ना, अशी शंका उल्हासरावांना आली आणि शुक्रवारची संध्याकाळ तिच्यातच गेली.

शनिवारी सकाळी त्यांनी औषध घातलं, पाणी तपासलं, आकडा शून्य पूर्णांक शून्य आठ आला, म्हणजे मागच्या दोन्ही आठवड्यांपेक्षा चढाच. काळजीत ते अंघोळीला निघाले. जिना चढल्यावर लक्षात आलं की चष्मा टँकपाशीच राहिला. ते परत खाली आले. टँकसमोर स्टुलावर चढून, जिभेचं टोक दातात धरून, वसुधाबाई सिरिंज पाण्यावर धरून उभ्या होत्या.

"वसुधा?"

वसुधाबाई दचकल्या. सिरिंज हातातून सुटली, सुळकन पाण्यात गेली आणि थेट जाऊबाईंच्या डोक्यावर जाऊन आदळली. सिरिंजमधल्या एका एमएलचा तपकिरी ढग जाऊबाईंच्या अंगावर पसरला. जाऊबाईंनी क्षणात सगळं अंग आत ओढून घेतलं. गुलाबी गेलं, मखमल गेली, राहिला एक खरबरीत काटक्यांचा जुडगा.

पुढच्या पाऊण तासात त्या घरात जे झालं त्याचं वर्णन दोघंही वेगवेगळं करतात. प्रीतानं संकटासाठी म्हणून गॅरेजमध्ये मिठाच्या पाण्याचं पिंप तयार ठेवलं होतं, ते नक्की. टँकमधलं पाणी काढून तेवढंच नवं घालायचं होतं, तेही नक्की. नळीनं पाणी ओढताना उल्हासरावांच्या तोंडात घोटभर समुद्र गेला. वसुधाबाई बादल्या वाहत होत्या आणि बादलीगणिक कबूल करत होत्या. पहिल्या दिवशी वही उघडली तर तीन लिहिलेलं. जीव कसनुसा झाला. माझ्या घरात कुणाच्या पानात तीन वाढलेलं मी खपवून घेणार नाही. म्हणून चार व्हावेत एवढ्यासाठी रोज एक घालत होते. तुम्ही रागवाल म्हणून तुमच्या अंघोळीची वेळ बघून घालत होते.

उल्हासराव नळी हातात धरून तसेच उभे राहिले. "अगं, मी चारच घालत होतो," ते म्हणाले. "लिहीत तीन होतो."

वसुधाबाईंनी बादली खाली ठेवली. मग वसुधाबाईंचे खांदे हलायला लागले. आधी उल्हासरावांना वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आवाज न करता, पदर नसल्यामुळे टी-शर्टचा गळा तोंडात धरून. मग यांनाही आवरेना. चाळीस वर्षांच्या संसारात एकमेकांपासून लपवून केलेलं पहिलं पाप, आणि ते दोघांनी एकच केलं. हसता हसता उल्हासराव ओल्या गालिच्यावर बसले, वसुधाबाई शेजारी बसल्या, आणि नळी हातातून निसटून दोघांच्या अंगावर समुद्र उडवायला लागली तरी कुणी उठेना.

शेवटी नळी बंद झाली, औषध शोषून घेणारी कोळशाची पिशवी टँकच्या फिल्टरमध्ये लागली, गालिच्यावर घरातले सगळे टॉवेल पसरले गेले. आता करण्यासारखं काही नव्हतं. दोघं समोर खुर्च्या मांडून बसले. वाट बघण्यात उल्हासराव तसे तरबेज होते, पण ही वाट बघणं अवघड होतं. अकरा वाजता काही नाही. बारा वाजता काही नाही. पावणेदोनला एका काटकीच्या टोकाशी काहीतरी हललं. साडेतीनपर्यंत जाऊबाई सगळा रुसवा सोडून अंगभर फुलून आल्या, कालच्याइतक्याच गुलाबी.

आणि इथेच खरी पंचाईत झाली. कोरल मेलं असतं तर सांगावंच लागलं असतं. आता काहीच दिसत नव्हतं. गालिचा उद्यापर्यंत वाळणार होता. वहीचे फोटो काढून पाठवले की टँक इथे, रविवार इथे. सांगितलं तर आईबाप मिळून तिच्या सात वर्षांच्या कोरलांशी काय खेळ करत होते ते तिला कळणार. सोमवारी देवांगचा ट्रक दारात, आणि ती पुन्हा दिवाळीला.

काय करावं, असं त्यांनी बायकोला विचारलं. वसुधाबाई म्हणाल्या की वहीतलं अक्षर तुमचं आहे, तुम्ही ठरवा. मग म्हणाल्या की तीन लिहिलं नसतंत तर मी एक घातला नसता.

ते वाक्य उल्हासरावांच्या वर्मी बसलं. पूल कधी तरी पडतो म्हणायचे, इथे तो पहिल्याच दिवशी पडायला लागला होता. त्यांनी डायनिंग टेबलवर वही घेतली, पट्टी घेतली आणि वीस ओळींतल्या वीस तिनांवर वीस सरळ रेघा मारल्या. प्रत्येकीच्या शेजारी लिहिलं, ४ + १ = ५. प्रत्येकीपुढे उ. पा. सही केली. वसुधाबाईंनी पेन मागून घेतलं आणि त्यांच्याखाली व. पा. केली. शेवटच्या ओळीपुढे उल्हासरावांनी "सिरिंज पडली" असंही लिहिलं. फोटो काढले, पाठवले, आणि धीर सुटायच्या आत फोन लावला, स्पीकरवर.

त्यांनी सगळं सांगितलं. जिलेबी वाढणारा माणूस एरवी शब्दांतही आग्रही असे, पण या वेळी त्यांनी एकही सबब दिली नाही. देवांगला टँक न्यायला सांग, हेही त्यांनीच म्हटलं. वसुधाबाईंनी फोन उचलून चालू आहे का ते पाहिलं.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "बाटली उचल. बॉटमला काय लिहिलंय बघ."

उल्हासरावांनी लाल झाकणाची बाटली उलटी केली. बुडाला एक छोटं पांढरं लेबल होतं, हॉस्पिटलच्या बाटल्यांवर असतं तसं. त्यावर बारीक इंग्रजीत, तारीख आणि सहीसकट लिहिलं होतं की यात निम्मं औषध आणि निम्मं शुद्ध पाणी आहे.

मग प्रीताचं हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोकळं, लहानपणी हसायची तसं. जाऊबाईंना खरी गरज रोज दोन एमएलची होती. ती जायच्या आदल्या दिवशी तिनं औषध निम्मं पातळ केलं, म्हणजे आता चार हवे. आणि सांगितले तीन. "कारण तू तीन देणार नाहीस, चार देणार, हे मला माहीत होतं यार," ती म्हणाली. "थर्टी फोर इयर्स मी तुझ्या हातचं जेवलेय. फक्त आईचं मी धरलंच नव्हतं. पाच म्हणजे थोडं जास्त झालं, आठवडाभर औषध थांबवा, काही होत नाही."

उल्हासराव बाटलीकडे बघत राहिले. आपल्या पोरीनं आपल्यावर विश्वास ठेवला नाही याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि पाव मिनिट वाटलंही. पण कुणीतरी आपल्याला इतकं आतून ओळखतं, आपली खोड धरून आपल्यासाठी औषध पातळ करून ठेवतं, याचा आनंदच जास्त झाला. त्यांना एकदम आपले फार लाड झाल्यासारखं वाटलं, या वयात. वसुधाबाई तर उघडपणे डोळे पुसत होत्या.

टँक कुठेही जाणार नाही, प्रीता म्हणाली. हॉस्पिटलमध्ये तिला चुका करणाऱ्यांची भीती वाटत नाही, चूक न लिहिणाऱ्यांची वाटते. आणि तिच्यासमोर आता वीस रेघा होत्या, वीस सह्या होत्या, शिवाय आईच्या वीस.

"पण पंप मी कॅन्सल करतेय," ती म्हणाली.

ते साहजिकच होतं. उल्हासरावांनी मान हलवली आणि म्हणाले की बरोबर आहे, आमच्या आकड्यांवर आता कोण विसंबणार, पण खरा आकडा कळला आहे, तो घालून पंप चालेल की. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पोरीचे कष्ट वाचावेत एवढंच त्यांच्या मनात होतं.

"आकड्यांचं नाही," प्रीता म्हणाली. सिअ‍ॅटलमधली कुठली तरी बस मागून गेल्याचा आवाज आला. "इथे दोन संडे झाले, मला काय करायचं तेच कळत नाही. पंपानं सगळं करायला सुरुवात केली, तर मी दर संडेला तिकडे कशासाठी येऊ?"

उल्हासरावांना खूप काही बोलायचं होतं. पण ते नुसतं "ये" म्हणाले.